ठिपक्यांची खालमानी

आमच्या आईचा सगळा संबंध लोकांच्या नाकाशी. ती चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या, काड्या गरम करून वाकवायच्या, आणि शेवटी गिऱ्हाइकाच्या हातात छोटा हातआरसा देऊन म्हणायचं, "बघा आता." गिऱ्हाईक आरशात बघतं, आई गिऱ्हाइकाकडे बघते. चष्मा डावीकडे केसभर वर बसलाय, हे तिला लगेच कळतं. कुणी म्हणालं, "राहू द्या, मला ठीक वाटतंय," तर ती चष्मा त्याच्या नाकावरून सरळ काढून घेते. "तुम्हाला वाटतंय," ती म्हणते, "मला दिसतंय."

घरातही तेच. भाजी शिजली की नाही, पाहुणा खरं बोलतोय की थाप मारतोय, मी परीक्षेत काय दिवे लावले, सगळ्यावर "मला दिसतंय" हा शेवटचा शब्द. त्यापुढे बाबाही जात नाहीत. त्यांनी लग्नानंतर लवकरच हत्यारं टाकली असावीत. आणि वैताग असा, की बहुतेक वेळा आईचं बरोबरच निघतं.

घराच्या मागे एक चिंचोळं अंगण आहे. एका बाजूला शेजारच्या इमारतीची उंच, बिनखिडक्यांची भिंत, दुसऱ्या बाजूला कमरेएवढी भिंत, आणि तिच्यापलीकडे असंच दुसरं अंगण. ऊन आमच्याकडे घाईतल्या पाहुण्यासारखं येतं, चहा न घेताच जातं. अशा ठिकाणी गुलाब लावणारे हात पोळून घेतात. आईने गुलाब लावला नाही. तिने लावली खालमानी.

झाडाचं खरं नाव हेलेबोर, पण ते आमच्या घरात कुणी घेत नाही. खालमानी हे नाव मावशीने, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीने ठेवलेलं. फुलं मान खाली घालूनच उमलतात म्हणून. आमच्या सगळ्या घराण्यात मान खाली घालणारी ही एवढी एकच.

हिला ओळखायचं कसं, हे आई कुणालाही सांगते, समोरच्याने विचारलेलं असो वा नसो. पान जाड, चामड्यासारखं, हाताच्या पंज्यासारखी बोटं पसरलेलं, कडेला बारीक करवतीचे दात. सावली चालते, पण पाय सतत ओले ठेवलेले चालत नाहीत. बाकी बाग थंडीने गारठून पडलेली असते तेव्हा ही फुलते, आणि वर्षानुवर्षं त्याच गड्ड्यातून पुन्हा पुन्हा फुलत राहते. कळ्या दिसू लागल्या की जुनी पानं बुंध्याशी कापून टाकायची, तीही हातमोजे घालून, कारण चीक कातडीला झोंबतो. फूल फुलदाणीत ठेवू नये, लगेच मान टाकतं. पसरट वाडग्यात पाणी घेऊन त्यावर तरंगत ठेवावं, म्हणजे निदान तोंड तरी दिसतं. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून आई फुलांपुढे वाकत नाही. दुकानातला एक जुना हातआरसा तिने अंगणात आणून ठेवलाय. तो ती फुलाखाली सरकवते आणि आरशात फुलाचं तोंड बघते. "बघा आता," असं फुलालाही म्हणते. मी ऐकलंय.

हे झाड मावशीचं. ती आजारी पडून गेली तेव्हा ताई इतकी लहान होती, की तिला बुटाचे बंददेखील बांधता येत नव्हते. ताई म्हणजे मावशीची मुलगी. आईने तिला आमच्या घरी आणलं. ताईच्या एका हातात कपड्यांची पिशवी होती आणि आईच्या हातात पत्र्याची बादली. बादलीत मावशीच्या भाड्याच्या घरामागून खणून काढलेली खालमानी. माझा जन्म नंतरचा, त्यामुळे माझ्यासाठी ताई आणि खालमानी दोघी आधीपासून घरात असणाऱ्या मोठ्या माणसांसारख्याच होत्या.

ताईला तिच्या आईची आठवण एकच. कुणीतरी एका बोटाने फुलाची हनुवटी वर उचलतंय आणि म्हणतंय, "बघ आत किती ठिपके." चेहरा आठवत नाही. बोट आठवतं, आणि दुधाळ पांढऱ्या पाकळ्यांवरचे ते डाळिंबी ठिपके. भिंतीवर मावशीचा एक फोटो आहे, त्यात ती ही फुलं भरलेलं वाडगं धरून हसतेय. पण ताई म्हणायची, फोटो ही पाहिलेली गोष्ट आहे, आठवलेली नाही. आई तिला लहानपणापासून सांगत आली होती, "हे तुझ्या आईचं झाड. मी फक्त सांभाळतेय. तू तुझं घर मांडशील तेव्हा हे तुझं." आणि आईने सांभाळेन म्हटलं म्हणजे विषय संपला.

आता शेजारच्या घड्याळवाल्या काकूंबद्दल सांगायला हवं. कमरेएवढ्या भिंतीपलीकडचं अंगण त्यांचं. पुढच्या खोलीत त्यांचं घड्याळदुरुस्तीचं टेबल, डोळ्याला भिंग, हातात चिमटा. काकू आणि आई यांचं मेतकूट इतकं जमलेलं, की भाजीची वाटी दाराने कधी जायचीच नाही, भिंतीवरूनच जायची. दोघींचाही धंदा नजरेचा, दोघींनाही आपल्या नजरेचा तोरा. खालमानीचा गड्डा मोठा झाला तेव्हा आईने तो खणून, हाताने दोन भाग करून, एक भाग काकूंना दिला होता. "बीपासून केलं तर दुसरंच काहीतरी येतं," ती म्हणाली होती. "गड्डा तोडून दिला तरच तेच झाड."

पण अंगण सांभाळायच्या दोघींच्या तऱ्हा निराळ्या. काकूंना पसारा खपत नाही. फुलं सुकली की बी धरायच्या आत त्या बोंडं कापून टाकायच्या, आणि तरीही एखादं रोप उगवलंच तर चिमट्याने धरल्यासारखं उचलून फेकायच्या. आमच्याकडे बोंडं पिकायची, बी सांडायचं, आणि गड्ड्याच्या पायाशी बारकी बारकी रोपं दाटीवाटीने उगवायची. काकू भिंतीवरून ओरडायच्या, "अगं, उपट ती पिल्लं. आईला खाऊन टाकतील." आई म्हणायची, "राहू देत." सगळ्या जगाला शिस्त लावणारी आमची आई तेवढ्या बाबतीत कशी ढिली पडायची, याचं मला नवल वाटायचं. आता वाटत नाही. घरात आईविना एक पोर वाढत असताना, दुसऱ्या कुणाची पोरं आईच्या पायापासून उपटून टाकायला तिचा हात कसा धजावणार? हे तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मला ते स्वच्छ दिसतं. मी तिचीच मुलगी आहे.

मग एके वर्षी अंगणातला सांडपाण्याचा पाईप फुटला आणि बरेच दिवस तिथे पाणी साचलं. दुरुस्ती झाली, माती वाळली, खालमानीची पानं हिरवीगार. सगळं ठीक दिसत होतं. दोन वर्षं कळ्या आल्या नाहीत, आणि नंतर उघडल्या त्या सगळ्या गर्द डाळिंबी. ना पांढरं, ना ठिपके. आईने आरसा खाली धरला, डोळे बारीक केले आणि निकाल दिला. "ठिपके वाढत वाढत एकमेकांना मिळाले. झाडाचं वय झालं की होतं असं."

काकू भिंतीवर कोपरं टेकून उभ्या होत्या. "ठिपके म्हणजे काय सांडलेली शाई आहे का पसरायला?" त्या म्हणाल्या. "हे ते झाडच नव्हे. माझ्याकडचं बघ, अजून पांढरं आहे."

"माझ्याच झाडाचा तुकडा घेऊन मलाच शिकवतेस?" आई म्हणाली. "तू काटे बघ. रंग माझ्यावर सोड."

"तुझा नंबर वाढलाय," काकू म्हणाल्या. "एवढं चष्म्याच्या दुकानात बसतेस, एकदा स्वतःचे डोळे तपासून घे."

चष्मेवालीला नंबर वाढलाय म्हणणं म्हणजे हलवायाला तुझी जीभ मेली म्हणण्यासारखं. आईने आरसा उचलला आणि आत निघून गेली. त्या दिवसापासून भिंतीवरून ना वाटी गेली, ना शब्द. काकूंच्या अंगणाकडे आईने मानही वळवली नाही. समोरासमोर आल्या तर दोघी एकमेकींच्या खांद्यावरून पलीकडे बघायच्या, जणू तिथे काहीतरी फार महत्त्वाचं चाललंय.

ताई तेव्हा शिकायला आणि मग नोकरीला दुसऱ्या गावी होती. घरी यायची ती सुट्टीत, फुलं येऊन गेल्यावर. आईने तिला फोनवर सांगितलं होतं, "रंग जरा गडद झालाय, बाकी ठणठणीत आहे." ताईने विश्वास ठेवला. आईवर अविश्वास ठेवायची आमच्या घरात सोयच नव्हती.

यंदा ताई आणि तिच्या नवऱ्याने घर घेतलं. घराच्या मागच्या बाजूला ऊन येत नाही, हे ऐकून बाकी कुणी हळहळलं असतं, ताई खूश. उन्हाळा ओसरला, हवा थंडावली, तेव्हा ती झाड न्यायला आली. आल्या आल्या अंगणात जाऊन पानांवरून हात फिरवून आली. मग चहा पिताना तिने आईला हळूच विचारलं, "मावशी, ठिपके दिसतील ना गं मला?"

"दिसतील की," आई म्हणाली. "माती बदलली की परत येतील. मी सांगते ना."

ताई आत सामान लावत होती. आई आणि मी अंगणात. मी कुदळीने चहूबाजूंनी खणलं, गड्डा उचलून टबात ठेवला, आणि आई पाईपचं पाणी सोडून मुळांची माती धुऊ लागली. माती सुटत गेली तशी मुळं दिसू लागली, काळपट, दोरखंडासारखी जाड. आईने दोन्ही हातांनी गड्डा धरून फाकवायला जोर लावला. जोर लावायची गरजच पडली नाही. तो आपणहून तीन ठिकाणी सुटला. तिन्ही झाडं वेगवेगळी होती, प्रत्येकाची मुळं ज्याची त्याची. मधोमध एक काळं, पोकळ, कुजून वाळलेलं बूड होतं. त्याला ना मूळ, ना कोंब.

आईने पाणी बंद केलं. हातमोजे काढले, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. मग ते काळं बूड उचलून बोटाने दाबलं. ते भुगा होऊन थोडं सांडलं. ठिपके वाढले नव्हते की पसरले नव्हते. पाईप फुटला त्या साली मावशीचं झाड मेलं होतं, आणि जी पोरं आईने उपटू दिली नव्हती ती त्याच्या जागेवर, त्याच्याच पानांच्या आड मोठी झाली होती. इतकी वर्षं आम्ही त्यांनाच आई म्हणत होतो.

आईचा चेहरा असा उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. मला तिची दया आली, आणि आईची दया यावी याचाच मला राग आला. मी म्हटलं, "आई, ताईला काही सांगू नकोस. एक रोप दे बांधून. फूल आलं की म्हणू, माती मानवली नाही. तिला काय कळणार आहे?"

 "चुकीची काच बसवून दिली ना," आई म्हणाली, "तर गिऱ्हाईक परत येत नाही भांडायला. त्याचं डोकं दुखत राहतं, आणि ते जन्मभर डोक्यालाच दोष देतं. हाक मार तिला."

ताई हात झटकत आली. आईने आडवळण घेतलं नाही. काळं बूड तळहातावर धरलं आणि म्हणाली, "हे तुझ्या आईचं झाड. हे गेलंय. बरीच वर्षं झाली. ही तिन्ही त्याची पोरं, पण ते झाड नव्हे. बीपासून आलेलं तेच नसतं. ठिपके येणार नाहीत. मी चुकले, आणि चुकतेय हे मला सांगणारीलाही मी घालूनपाडून बोलले."

ताई टबाच्या कडेवर बसली. तिने त्या बुडाला हात लावला नाही, नुसतं बघत राहिली. "मला वाटायचं," ती म्हणाली, "की पुन्हा ठिपके बघितले तर चेहरापण आठवेल." एवढं बोलून ती रडायला लागली. लहान मुलासारखी, तोंड न झाकता. आईने तिचं डोकं पोटाशी धरलं. रडता रडता ताई म्हणत होती, "जाऊ दे मावशी. जाऊ दे. ठीक आहे."

"ठीक कसलं?" आई म्हणाली. तिचा आवाज आता पुन्हा तिचा झाला होता. "ते कुठे आहे ते मला माहीत आहे. ऊठ. तोंड धू."

भिंत ओलांडली असती तर चार पावलांत पोचलो असतो. पण भांडलेल्या घरी मागच्या बाजूने जाता येत नाही. आम्ही पुढच्या दाराने बाहेर पडलो, फाटकातून रस्त्यावर आलो, काकूंच्या फाटकातून आत गेलो, आणि आईने बेल वाजवली. तिच्या हातात ते काळं बूड तसंच होतं.

काकूंनी दार उघडलं. भिंग कपाळावर चढवलेलं, हातात चिमटा. आईला बघून त्यांची नजर सवयीने खांद्यापलीकडे जायला निघाली आणि वाटेतच थांबली.

"तुझं बरोबर होतं," आई म्हणाली.

"काय म्हणालीस? आत घड्याळं टिकटिकतायत, ऐकू नाही आलं. परत म्हण."

"तुझं बरोबर होतं," आई मोठ्याने म्हणाली, "आणि माझा नंबर वाढलाय. झालं समाधान?"

काकूंनी तोंड उघडलं होतं, त्यावर आणखी काहीतरी तयार होतं, हे मला दिसत होतं. मग त्यांनी आईच्या हातातलं बूड पाहिलं, तिच्यामागे उभ्या असलेल्या ताईचे लाल डोळे पाहिले, आणि तोंड मिटलं. चिमटा टेबलावर ठेवून त्या म्हणाल्या, "या मागे."

काकूंचं अंगण म्हणजे धुऊन पुसून ठेवल्यासारखं. भिंतीलगत खालमानीचा एकच मोठा गड्डा, त्याच्या पायाशी स्वच्छ काळी माती, एक पिल्लू नाही. आईने खाली बघितलं. पानं आमच्यासारखीच, पंजा तोच, करवतीचे दात तेच. फुलांचे दिवस नव्हते. पानांवरून दोन्ही झाडांतला फरक ब्रह्मदेवालाही सांगता आला नसता, आणि आईने प्रयत्नही केला नाही.

"थोडा भाग तोडून देशील का?" तिने विचारलं. मागण्याची तिला सवय नाही, त्यामुळे ते हुकमासारखंच निघालं.

"नाही," काकू म्हणाल्या. "हिला आता तोडलं तर पुढच्या वर्षी फुलेल की नाही सांगता येत नाही. तोडलं की रुसते ती." मग त्या कोपऱ्यात गेल्या, एका मोठ्या पिंपामागे वाकल्या, आणि दोन्ही हातांनी एक कुंडी उचलून आणली. तीत चांगली धरलेली खालमानी. "पोरगी घर बघतेय असं गेल्या वर्षी कळलं, तेव्हाच काढून लावली. मुळं धरलीत. गेल्या थंडीत फुलंही आली थोडी. पांढरी, ठिपक्यांची."

"मग इतके दिवस दिली का नाहीस?" आई म्हणाली.

"तू येशील म्हणून," काकू म्हणाल्या. "यायला किती वेळ लावलास गं."

 आईने कुंडी त्यांच्या हातून घेतली आणि ताईच्या हातात दिली. मग ती आणि काकू शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, दोघी भिंतीकडे बघत, आणि काकूंनी आईचा मातीने भरलेला हात आपल्या रुमालाने पुसला. चहा झाला, आणि परत येताना आम्ही भिंतीवरून आलो. आईचे गुडघे, काकूंचे धक्के, माझं ओढणं, असं करत करत, पण आलो.

दुसऱ्या दिवशी ताई निघाली. मागच्या सीटवर कुंडी पट्ट्याने बांधली. आई उरलेली तिन्ही झाडं परत जमिनीत लावत होती, गड्डा वरवर राहील असा, बोटांनी माती दाबत. ताई तिच्यामागे येऊन उभी राहिली.

"मावशी, यातलं एक मला बांधून दे."

"कशाला? काल सांगितलं ना, ही तुझ्या आईची नव्हे."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "ही तुझी."

 आईने मान वर केली नाही, माती दाबत राहिली. आमच्या घराण्यात मान खाली घालणारी एकच नाही, हे मला तेव्हा कळलं. मग तिने तिन्हींतलं सगळ्यात दणकट रोप उपसलं, ओल्या कापडात गुंडाळलं आणि ताईच्या हातात देताना दटावलं, "खोल गाडू नकोस. आणि दोघींच्यात अंतर ठेव."

थंडीत ताईचा फोन आला. आई भाजी चिरत होती, म्हणून मी फोन मोठ्या आवाजावर ठेवला. ताई हसत होती की रडत होती, ते आवाजावरून कळेना. पांढरी फुलली होती. तिने एका बोटाने हनुवटी वर उचलली होती, आत ठिपके होते, सगळेच्या सगळे. "चेहरा नाही आठवला," ती म्हणाली. "पण मावशी, आवाज आठवला. 'बघ आत किती ठिपके' म्हणाली ना, तो आवाज. अगदी तुझ्यासारखा आहे गं."

आईने सुरी खाली ठेवली. ती म्हणाली, "बहीण होती माझी. माझ्यासारखाच असणार." मग नाक ओढून पुढे, "आणि डाळिंबी?"

"तिला यंदा नुसती पानं. पण मावशी, दोघींना लावताना मातीबरोबर एखादं बी आलं असावं. दोघींच्या मध्ये एक बारकं रोप उगवलंय. कुणाचं ते कळत नाही. उपटू का?"

"खबरदार," आई म्हणाली. "वाढू दे. फुलेल तेव्हा फोटो पाठव, मी ओळखते."

मागचं दार उघडं होतं. भिंतीपलीकडून काकूंचा आवाज आला, "तू ओळखणार?"

"मला दिसतंय!" आई ओरडली, आणि सकाळच्या भाजीची वाटी घेऊन भिंतीकडे निघाली.